जादा हप्ता सुरू करण्याआधी

एप्रिलमध्ये कर्जाच्या व्याजाचा दाखला हातात आला की आमच्या घरी दोन दिवस सुतकी वातावरण असतं. पहिल्या वर्षी तर मी आकडा तीनदा वाचला. 40 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के दर, 20 वर्षं, महिना 34,713 रुपयांचा हप्ता. वर्षभरात 4 लाख 16 हजार भरले आणि मुद्दल उतरलं 80 हजारांच्या आत. बाकी सगळं व्याज. कोपरखैरण्यातलं वन बीएचके, तेही लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, आणि त्यासाठी 20 वर्षांत नुसतं व्याज 43 लाख जाणार होतं.

त्या रात्री मोबाइलवरच्या गणकयंत्रात महिना 5,000 रुपये जादा घालून पाहिले. 240 हप्त्यांचे 177 झाले, म्हणजे सव्वापाच वर्षं गेली आणि व्याजातले सुमारे 13 लाख वाचले. मग प्रश्न एवढाच उरला की पाच हजार आणायचे कुठून. पगार तर वाढणार नव्हता. तेव्हा घरखर्चातूनच काढायचे ठरलं. पण तुम्ही असं काही ठरवत असाल तर लगेच डाळ-तांदळाला कात्री लावू नका, आधी थोडी तयारी करा. आम्ही ती उलट्या क्रमाने केली आणि चार महिने वाया घालवले.

पहिलं काम कपाटातलं. मंजुरीपत्र आणि गेल्या वर्षाचं कर्जाचं स्टेटमेंट काढा आणि चार गोष्टींवर पेन्सिलीने खूण करा: उरलेलं मुद्दल, आजचा दर, उरलेले हप्ते, आणि दर कशाला जोडलेला आहे. ऑक्टोबर 2019 नंतर बँकांनी दिलेली बदलत्या दराची नवी गृहकर्जं बाहेरच्या मापाला, बहुतेक ठिकाणी रेपोला (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते तो दर), जोडलेली असतात. त्याआधीचं कर्ज अजून एमसीएलआरवर किंवा बेस रेटवर, म्हणजे बँकेने स्वतः ठरवलेल्या जुन्या पद्धतीच्या दरावर, असेल तर ते रेपोवर नेण्याची फी किती आणि दर किती उतरेल हे आधी विचारा. वर्षभर भाजीत घासाघीस करून वाचतं त्यापेक्षा जास्त कधीकधी या एका अर्जाने वाचतं. उरलेल्या हप्त्यांचा आकडा तर नीट बघाच. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला तेव्हा अनेकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत गुपचूप लांबली. उलट 2025 मध्ये तो उतरत उतरत 5.25 पर्यंत आला. त्यात तुमचा हप्ता कमी झाला असेल तर तो फरक खर्चात विरघळू देऊ नका. जुना हप्ता सोसत होताच, तोच चालू ठेवा. घरातलं काहीही न कापता मिळालेली ही पहिली जादा रक्कम.

दंडाची भीती मात्र मनातून काढून टाका. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी भरल्याचा दंड बँकांना 2012 पासून घेता येत नाही. दर स्थिर असेल तर करार वाचा, तिथे शुल्क असू शकतं.

यानंतर, कितीही हात शिवशिवले तरी, लगेच जादा भरू नका. आधी क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती शून्यावर आणा. तिथे वर्षाला 36 ते 42 टक्के जात असताना साडेआठ टक्क्यांचं कर्ज आधी फेडणं म्हणजे दार उघडं टाकून खिडकीला कडी लावणं. मग सहा महिन्यांचा खर्च, हप्त्यासकट, वेगळ्या खात्यात ठेवा. कर्जात घातलेला पैसा परत मागता येत नाही. अपवाद ओव्हरड्राफ्ट पद्धतीच्या कर्जाचा, उदाहरणार्थ स्टेट बँकेचं मॅक्सगेन. त्यात जादा ठेवलेली रक्कम व्याज कमी करते आणि अडीअडचणीला काढताही येते. विम्याला हात लावू नका. आरोग्य विमा आणि कर्जाइतका तरी मुदत विमा, हे दोन्ही यादीच्या बाहेर. करसवलतीबद्दल एकच सांगते: जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला 2 लाखांपर्यंतच वजावट मिळते, नव्या प्रणालीत तीही नाही. तेव्हा ‘व्याज भरलेलं बरं, टॅक्स वाचतो’ असं सांगणाऱ्या ऑफिसातल्या काकांना नमस्कार करून पुढे जा.

आता स्वयंपाकघर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आमचे पाच हजार इथेच सापडले.

पूर्ण एक महिना काही न कापता नुसतं लिहा. वही ओट्यावर, पेन दोऱ्याने बांधलेलं. सासूबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, “अगं, कोथिंबिरीची जुडीपण लिहायची?” म्हटलं, हो आई, जुडीपण. महिन्याअखेर कळलं की कोथिंबीर, दूध, डाळी यांत काही उधळपट्टी नव्हतीच. उधळपट्टी होती घाईत. महिन्याचं वाणसामान भरूनही दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या ॲपवरून 23 ऑर्डरी झाल्या होत्या. एकदा आलं हवं म्हणून उघडलं आणि फुकट डिलिव्हरीचा आकडा गाठण्यासाठी चिप्स, चीज आणि कसलंसं परदेशी लोणचं आलं. त्यावर रात्री दमून मागवलेली जेवणं. दोन्ही मिळून 4,100 रुपये. यातलं निम्मं जरी थांबलं तरी दोन हजार झाले, आणि कुणाच्या ताटातलं काही कमी झालं नाही.

म्हणून तयारी पदार्थ कापण्याची नाही, घाई कापण्याची करा. रविवारी तासभर काढून आलं-लसूण वाटून ठेवा, खोबरं किसून फ्रीझरमध्ये टाका, दोन उसळींची कडधान्यं पाठोपाठ भिजत घाला, डोशाचं पीठ वाटा. बुधवारी रात्री ठाणे लोकलमधून लोंबकळत आल्यावर घरात पीठ तयार असेल तर हात मोबाइलकडे जात नाही. ॲप काढून टाकायची गरज नाही. त्यातलं कार्ड काढून टाका, दर वेळी आकडे टाकायचा कंटाळाच पुष्कळ काम करतो.

साठवणीचं सामान ही दुसरी जागा. नवी मुंबईत राहून तुर्भ्याच्या एपीएमसीत, म्हणजे बाजार समितीच्या घाऊक बाजारात, न जाणं म्हणजे नदीकाठी राहून टँकर मागवणं. पण एकट्याने जाऊ नका. घाऊक बाजारात गोणीचा भाव असतो आणि वन बीएचकेत गोण ठेवायची कुठे? आमच्या जिन्यातली तीन घरं मिळून जातो. आधी कुणाला काय किती हवं ते लिहून घेतो, पैसे आधी गोळा करतो (ही अट मैत्री टिकवण्यासाठी), आणि येताना टेम्पो वाटून घेतो. टेम्पोचं भाडं धरून नाक्यावरच्या वाण्यापेक्षा किती स्वस्त पडलं ते पहिल्या खेपेला मांडून बघा. आमचं गहू, तांदूळ, तूरडाळ आणि शेंगदाण्यांत जमलं. साखरेत फरक इतका किरकोळ की ती वाण्याकडूनच घेतो. शिवाय महिन्याअखेरीस उधारीवर सामान देणारा तोच आहे, त्याला अगदीच सोडून चालत नाही.

वेळ मार्च ते मेची. होळीनंतर नवीन माल येतो आणि गच्चीवर ऊन मिळतं. जाण्याआधी डबे रिकामे करून धुऊन कडकडीत वाळवा. गहू निवडून, ऊन देऊन, थंड झाल्यावर कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासकट भरा. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावा. रवा-मैदा मात्र साठवू नका, खाडीकाठच्या आपल्या हवेत पावसाळा लागला की त्याला जाळ्या होतात आणि सगळी बचत कचऱ्याच्या डब्यात जाते. पहिल्या वर्षी हौसेने 10 किलो रवा मी असाच घालवला आहे. मसाल्याच्या मिरच्या, बेडगी आणि लवंगी, मसाला मार्केटमधून घेऊन डंकावर कुटून आणा. यात पैसे किती वाचतात यावर आमच्या घरात अजून वाद आहे, पण तो मसाला खाल्ल्यावर पाकिटातला घशाखाली उतरत नाही.

विजेचं बिल एकदा उलटून पाहा. महावितरणचे घरगुती टप्पे 100, 300 आणि 500 युनिटांवर बदलतात, आणि टप्पा ओलांडला की वरचं प्रत्येक युनिट महाग दराने लागतं. उन्हाळ्यात आम्ही 340-350 वर जायचो. एसी 26 वर ठेवून पंखा लावला आणि 300 च्या आत आलो. दोन महिन्यांचीच गोष्ट, पण केली.

काय कापायचं नाही हेही आधीच ठरवून टाका, नाहीतर तिसऱ्या महिन्यात भांडण होतं. आमच्याकडे सासूबाईंची फळं, मुलीचा क्लास आणि गणपतीचं गावाला जाणं या तीन गोष्टींना हात लावायचा नाही असं ठरलं. नवऱ्याने चौथी म्हणून रविवारची मासळी घुसडली. ती मान्य झाली, फक्त सुरमईऐवजी आठवड्याआड बांगडा.

आता ज्या ठिकाणी आम्ही चार महिने घालवले ते. वाचले, वाचले म्हणत होतो आणि खात्यात काहीच दिसत नव्हतं, कारण ते पैसे तिथेच राहून दुसऱ्या कशात तरी जात होते. म्हणून पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी 5,000 वेगळ्या खात्यात आपोआप जातील अशी स्थायी सूचना बँकेला आधी द्या, आणि उरलेल्यात महिना काढा. तिथून कर्जात केव्हा आणि किती भरता येतं ते शाखेत विचारा. काही ठिकाणी किमान रकमेची अट असते, मग दोन-तीन महिन्यांचे एकदम भरावे लागतात. बोनस, भिशी, जुनी मुदत ठेव यातलं काही येणार असेल तर ते लवकर घाला. याच कर्जात पहिल्याच महिन्यात एक लाख घातला तर 15 हप्ते उडतात. तोच लाख 15 वर्षांनी घातला तर चारच.

भरताना लेखी अर्ज द्या. त्यात दोन वाक्यं स्पष्ट हवीत: ही रक्कम मुद्दलात वळती करावी, आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी. दुसरं वाक्य नसेल तर हप्ता कमी करून देऊ शकतात, आणि तो कमी झालेला हप्ता आपण आनंदाने खाऊन टाकू. पुढच्या महिन्यात स्टेटमेंट काढून उरलेल्या हप्त्यांचा आकडा पेन्सिलीच्या जुन्या खुणेशी ताडून बघा. आमच्या पहिल्या वेळी तो हललाच नव्हता. पैसे पुढच्या हप्त्याची आगाऊ रक्कम म्हणून पडून होते, आणि ते मुद्दलात वळवायला शाखेत दोन खेपा घालाव्या लागल्या. तेव्हापासून अर्जाच्या दोन प्रती नेते आणि एकीवर शिक्का मारून घेते.