पेचकस अखंड दांडीचा की बदलत्या बिटांचा? घरच्या अवजारांच्या डब्यासाठी घेताना या चुका टाळा

इंदूरला सियागंज बाजारात पेचकस मागितला की काउंटरवर दोन प्रकार येतात: अखंड दांडीचे सुटे पेचकस, नाहीतर एक मूठ आणि तीसेक बिटांची, म्हणजे मुठीत बदलून बसवायच्या सुट्या टोकांची, पेटी. पेटीत सगळं आलं असं वाटतं, म्हणून घरी तीच येते. पण घरातले खरे अडणारे स्क्रू नेमके या पेटीला दाद देत नाहीत.

खोल भोकातला स्क्रू

मिक्सर उलटा करा. बुडाचे स्क्रू अरुंद, खोल भोकांत बसवलेले असतात. साधं बिट 25 मिमी लांब असतं आणि त्यातला बराच भाग होल्डरमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या खोबणीत, जातो. होल्डरची बाहेरची जाडी साधारण 10 मिमी किंवा जास्तच. भोक त्याहून अरुंद असेल तर होल्डर तोंडाशीच अडतो आणि बिट स्क्रूपर्यंत पोचत नाही. मग लोक तिरकं धरून जोर लावतात आणि प्लसची खाच गोल होऊन जाते. इथे 6 मिमी जाड, 100 मिमी लांब दांडीचा प्लस पेचकस सरळ आत जातो. भोक फारच अरुंद असेल तर त्याहून बारीक दांडीचा, 1 नंबरचा. बिटांचाच आग्रह असेल तर 50 मिमीची लांब बिटं वेगळी घ्यावी लागतात, तीही आधी भोकाला लावून पाहून.

विजेच्या कामाला बिटांची मूठ

ही चूक सगळ्यात धोक्याची. बिट, होल्डर, दांडी सगळं उघडं धातूचं. शिवाय होल्डरमधल्या चुंबकावर टेकलेलं बिट बोर्डात निसटून पडलं तर थेट दोन टर्मिनलांच्या मधे जाऊन बसू शकतं. आपल्याकडे घरातली वीज 230 व्होल्टची असते. स्विचबोर्डासाठी 1000 व्होल्टची खूण असलेला, टोकापर्यंत आवरण असलेला अखंड पेचकस वेगळा ठेवा. दांडीवर बाजारची प्लास्टिकची नळी चढवली म्हणजे तो इन्सुलेटेड होत नाही. आणि असा पेचकस हातात असला तरी आधी एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा स्विच, खाली करायचाच.

मुठीत निऑनचा दिवा आणि सोबत चार-पाच बदलती पाती, हा सेट तर घरोघरी असतो. त्याचं काम फेज पाहणं. त्याने घट्ट स्क्रू फिरवला की पातं मुठीत सैल होतं, टोक पिळतं, आणि मग टेस्टर म्हणूनही त्याचा भरवसा राहत नाही.

गंजलेल्या स्क्रूवर रॅचेट

उन्हाळाभर पाणी पिऊन झालेल्या कूलरचे स्क्रू सोडवताना रॅचेटची, म्हणजे एकाच दिशेला पकडून उलट मोकळी फिरणारी, मूठ वापरू नका. आतले दात छोटे असतात, जोराला घसरतात. वापरलीच तर रॅचेट लॉक करून. खरं काम अखंड दांडीचं, त्यातही मुठीखाली दांडीला षटकोनी भाग असलेल्या पेचकसाचं. स्क्रूवर गंज सोडवणारं तेल टाका, 15-20 मिनिटं थांबा, पेचकस सरळ दाबून धरा आणि षटकोनी भागाला पाना लावून हळूच फिरवा. दाब जास्त, पीळ कमी. मुठीवर हातोडी मारायची सवय असेल तर बिटांची मूठ लवकरच चिरते. त्यासाठी दांडी मुठीच्या आरपार गेलेला पेचकस मिळतो.

सगळे प्लस सारखेच समजणं

बिटांचा खरा फायदा इथे आहे. कपाटाच्या आधुनिक बिजागरीचा स्क्रू नीट पाहा: प्लसच्या मधे चार बारीक तिरक्या रेघा दिसतात. तो पोझी. त्यात साधं प्लस चालल्यासारखं वाटतं, पण टोक वर ढकललं जातं आणि खाच झिजते. त्याला पीझेड 2 लिहिलेलं बिट लागतं. साध्या प्लसमध्ये 5 ते 9 नंबरच्या लाकडी स्क्रूंना पीएच 2 बसतं, त्याहून बारीकांना पीएच 1. चांदणीच्या आकाराचे टॉर्क्स, फर्निचरचे 4 आणि 5 मिमीचे षटकोनी खाचेचे अ‍ॅलन, यांच्यासाठी प्रत्येकी वेगळा पेचकस घेण्यात अर्थ नाही, बिटंच बरी.

बिट डगमगतं किंवा अडकतं

बऱ्याचदा कारण एकच: होल्डरच्या तळाच्या चुंबकावर लोखंडाचा कीस साठलेला असतो आणि बिट पुरतं आत बसत नाही. काडीच्या टोकाला चिकटपट्टी उलटी गुंडाळून आत फिरवा, कीस निघून येतो. पावसाळ्यात बिट आतच गंजून अडकलं तर पकडीने सरळ ओढा, हलवून काढू नका. मोबाइल दुरुस्तीच्या सेटची बिटं 4 मिमीची असतात, साधी 6.35 मिमीची, एकाची बिटं दुसऱ्याच्या मुठीत कागद कोंबून बसवू नका.

मग डब्यात काय?

अखंड दांडीचे चार: पीएच 2, पीएच 1, 6 मिमीचा चपटा, आणि विजेसाठी आवरणवाला 3 मिमीचा चपटा. त्यासोबत बिना रॅचेटची एक चांगली मूठ आणि मोजकी दहा बिटं, त्यात पीएच 2 दोन, कारण तेच आधी झिजतं. दुकानात स्वतःचा स्क्रू घेऊन जा. पेचकस आडवा धरून टोकावर स्क्रू बसवा. टोकाला चुंबक नसतानाही तो न पडता टिकला आणि हलवल्यावर खुळखुळला नाही, तर माप बरोबर.