बाळंतीण कुत्रीचं कॅल्शियम : या चुका टाळा

आमची चिंगी पॉमेरेनियन. वजन जेमतेम साडेचार किलो, आणि पिल्लं पाच. बाळंतपणानंतर 19व्या दिवशी संध्याकाळी ती पिल्लांजवळून उठली आणि येरझाऱ्या घालायला लागली. ऑक्टोबरचा महिना, दादरच्या आमच्या दोन खोल्यांत सगळ्यांनाच घामाच्या धारा. तिची धाप आम्हाला उकाड्याचीच वाटली. पंखा फुल केला, लादीवर ओलं फडकं टाकलं. पिल्लं कुईंकुईं करत तिच्याकडे सरपटली, तशी ती एक पाऊल मागे सरली. मग आणखी एक. अठरा दिवस पिल्लांना नजरेआड न करणारी आई त्यांच्यापासून लांब जात होती, आणि तरी आम्ही पंख्याकडेच बघत होतो. रात्री दहाला तिचे मागचे पाय काठीसारखे ताठ झाले, तेव्हा टॅक्सीला हात केला.

चिंगी वाचली. पण ते तीन तास हातचे गेले, म्हणून हे लिहितेय.

धाप म्हणजे उकाडा, हा समज

या आजाराला डॉक्टर एक्लॅम्पसिया म्हणतात. दुधावाटे कॅल्शियम भराभर बाहेर जातं आणि रक्तातलं कमी पडतं. बाळंतपणानंतर पहिल्या ते चौथ्या आठवड्यात, त्यातही दूध भरात असताना, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात याचा धोका सर्वांत जास्त. पॉमेरेनियन, शिह त्झू, चिवावा, पग अशा छोट्या जातींत, आणि पिल्लं जास्त असतील तर विशेष.

सुरुवात अगदी साधी असते. कुत्री अस्वस्थ होते, धापा टाकते, पिल्लांना जवळ घेत नाही, तोंड सतरंजीवर किंवा सोफ्याच्या कडेला घासत राहते, लाळ गाळते. मग चाल ताठरते. या वेळी मांडीवर हलकेच हात ठेवून बघा. कातडीखाली स्नायू फडफडताना हाताला लागतात. हे जाणवलं की पुढे झटके येणार हे धरूनच चालायचं. झटक्यांत ताप 105 फॅरनहाइटच्या वर जातो (एरवी कुत्र्याचं तापमान साधारण 101 ते 102.5 असतं). त्यातून जीव जाऊ शकतो.

उकाड्याने धापणारी कुत्री गार लादी शोधून पसरते आणि पिल्लांना पाजते. ही मात्र एका जागी टिकत नाही. शिवाय सारखं धापण्यानेच रक्तातलं उपयोगी पडणारं कॅल्शियम आणखी खाली येतं, म्हणून 'जरा वेळ बघू' यात नुकसानच आहे.

गाभण असल्यापासून कॅल्शियम चालू करणं

ही चूक प्रेमापोटी होते. आमच्याकडूनही झाली. चिंगी गाभण आहे म्हटल्यावर दुकानातल्या माणसाने कॅल्शियमचं टॉनिक हातात दिलं, आणि आम्ही महिनाभर नेमाने चमच्याने पाजलं. बाईला गरोदरपणात कॅल्शियम देतात, मग हिला का नको?

कारण असं. शरीरातलं सुमारे 99 टक्के कॅल्शियम हाडांत साठलेलं असतं. रक्तात कमी पडलं की मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून ते सोडायला लावतात. बाहेरून रोज फुकटचं मिळत राहिलं तर त्या ग्रंथींना कामच उरत नाही, त्या मंदावतात. मग पाच पिल्लं एकदम दूध ओढायला लागली की गरज एका दिवसात वाढते आणि ग्रंथींना जागं व्हायला वेळ लागतो. हाडं भरलेली असतात, पण रक्त रितं. म्हणून गाभणपणात डॉक्टरांनी कारण बघून सांगितल्याशिवाय कॅल्शियमचा एक थेंबही देऊ नका. बाळंतपणानंतर, विशेषतः आधी हा त्रास झालेल्या कुत्रीला, ते देतात. पण मात्रा डॉक्टरांनी ठरवायची. आपल्या घरातल्या गोळ्या देऊ नका. त्यांत बरेचदा व्हिटॅमिन डी असतं, ते जास्त झालं तर विषारी ठरतं. काही शुगर-फ्री गोळ्यांत साखरेऐवजी झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो, आणि ते तर कुत्र्यांना थोडंही घातक.

चिकन-भात आणि दूध-पोळी

नुसत्या मांसात कॅल्शियम फार कमी आणि फॉस्फरस भरपूर असतं. भातानेही ती उणीव भरून निघत नाही. गाभणपण साधारण 63 दिवसांचं. त्यातल्या शेवटच्या तीन आठवड्यांपासून पिल्लांसाठी असलेलं चांगलं तयार खाणं हळूहळू सुरू करावं आणि पाजत असेपर्यंत तेच ठेवावं. त्यात दोन्हींचं प्रमाण जुळवलेलं असतं. दूध भरात असताना ती एरवीच्या दुप्पट-तिप्पटही खाते, तेव्हा ताटली भरलेलीच राहू द्या. 'कॅल्शियम मिळतं' म्हणून शिजवलेल्या कोंबडीची हाडं मात्र घालू नका. ती चिरफळतात आणि आतड्यात रुततात.

झटका येताना घरचे उपाय

फिट आली की कांदा किंवा चप्पल हुंगवायची, तोंडात पाणी घालायचं, दृष्ट काढायची, हे आमच्या चाळीतही झालं. ताठरलेल्या कुत्रीच्या तोंडात काहीही घालू नका. दूधही नाही, कॅल्शियमचं सिरपही नाही. ते फुफ्फुसात जातं. ताप आहे म्हणून पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन नको. दोन्ही कुत्र्यांना घातक आहेत.

गावाकडे गाई-म्हशी बघितलेली माणसं 'दुग्धज्वर' म्हणतात, आणि त्यांचा अंदाज बरोबर दिशेचा असतो. कॅल्शियम कमी पडणं तेच. फरक एवढाच की गाय गार पडून बसून राहते, कुत्री मात्र ताठरते आणि तापते. म्हणून गाईच्या ओळखीवरून 'अंग गरम आहे, म्हणजे हे ते नव्हे' असं ठरवू नका.

तुमच्या हातात एवढंच : पिल्लं वेगळी करा, तिच्या पायांना आणि पोटाला साधं पाणी लावा (बर्फ नको), डॉक्टरांना फोन करा आणि निघा. रात्री कुठे जायचं हे पिल्लं व्हायच्या आधीच शोधून, फोन लावून नक्की करून ठेवा. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, 1883पासूनचं. जुने मुंबईकर त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचंही आहे. टॅक्सीवाले कुत्रं म्हटलं की नाही म्हणतात, म्हणून ओळखीच्या गाडीवाल्याशीही आधीच बोलून ठेवा.

घाईचं इंजेक्शन

इलाज एकच, कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून. पण ते हळू, दहा-वीस मिनिटं घेऊन, स्टेथोस्कोप छातीवर ठेवून. भरकन दिलं तर हृदयच थांबू शकतं. म्हणून कुणी घरी येऊन 'पटकन टोचतो' म्हटलं तर नको म्हणा. चिंगीचे झटके सुई आत असतानाच शमले. पाय सैल पडले, तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

घरी आल्यावर लगेच पाजणं

बरी दिसते म्हणून त्याच रात्री पिल्लं जवळ घालणं, ही शेवटची मोठी चूक. किमान 24 तास पिल्लं वेगळी ठेवा. त्यांना पिल्लांसाठीचं पावडरचं दूध द्या, गाईचं नको. पोटावर ठेवून पाजा, बाळासारखं उताणं धरून नाही. तीन आठवड्यांच्या आतली असतील तर पाजल्यावर कोमट ओल्या कापसाने पुसून शी-शू करवावी लागते. तीन आठवडे ओलांडले असतील तर पातळ खाणं सुरू करून दूध तोडायला घ्या. पुन्हा झटका आला तर पाजणं बंदच.

सोसायटीतल्या कुत्रीला हाकलणं

लाळ गळतेय, पाय लटपटतायत, म्हणजे पिसाळली, असं म्हणून पिल्लांच्या आईला काठीने हाकललेलं मी बघितलंय. थानाला दूध असेल तर आधी पशुवैद्यकीय मदत बोलवा. मात्र नुसतं बघून रेबीज नाही असं म्हणता येत नाही, म्हणून तोंडाजवळ हात नेऊ नका. चावली तर जखम साबणाने 15 मिनिटं धुवून थेट दवाखान्यात जा.

एकदा झालेल्या कुत्रीला पुढच्या वेळीही हा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. चिंगीची पिल्लं सुटली, दूध आटलं, आणि दोन महिन्यांनी आम्ही तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं.