गोचिडीचं औषध कुत्र्याला बाधू नये म्हणून या चुका टाळा

दोन दिवसांपूर्वीच मानेवर औषध घातलेलं, आणि कानामागे ही टपोरी गोचीड मजेत बसलेली. अशा वेळी डोकं फिरतं. माझंही फिरलं. पाकिटात उरलेली दुसरी नळी फोडली आणि पहिलीच्याच जागी रिकामी केली. संध्याकाळपर्यंत आमच्या कुत्रीच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या. ती एका जागी बसेना, पाठीवरची कातडी सारखी थरथरत होती. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी विचारलं, ‘काय घातलंत? पाकीट आणलंय का?’ पाकीट केव्हाच कचऱ्यात गेलं होतं. औषधाचं नावही धड आठवेना. सुदैवाने अंघोळ घालून, रात्रभर नजरेखाली ठेवल्यावर ती सावरली. पण औषध वाईट नव्हतं, घालणारी शहाणी नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

‘औषध लागू पडलं नाही’ म्हणून पुन्हा घालणं

सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. बहुतेक औषधं गोचिडीला हाकलून लावत नाहीत, मारतात. गोळी दिलेली असेल तर गोचीड आधी चावणार, रक्त पिणार आणि मग मरणार. त्यात एखाद-दोन दिवस जाऊ शकतात. तेवढ्या वेळात ती अंगावर दिसणारच. दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने अगदी कातडीलगत धरा आणि सरळ वर ओढून काढा. पिळायचं नाही, चटका द्यायचा नाही, वर तेल ओतायचं नाही.

पिसवांचं गणित तर आणखी फसवं. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या साधारण 5 टक्के. बाकी 95 टक्के अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपात अंथरुणात, गालिच्यात, फटींत असतात. कोषातली पिसू महिनोन् महिने तग धरते, आणि कोषाच्या आत औषध फारसं पोचतच नाही. त्यामुळे कुत्र्याला औषध दिल्यावरही काही आठवडे नव्या पिसवा उड्या मारताना दिसतात. तिथे दुसरा डोस कामाचा नाही. अंथरूण गरम पाण्यात धुवा, व्हॅक्यूम क्लीनर फिरवा, घरातल्या बाकीच्या प्राण्यांनाही ज्याचं त्याचं औषध द्या.

अंदाजाने वजन धरणं

‘असेल पंधरा-सोळा किलो’ हे वजन नव्हे. काट्यावर आधी एकटे उभे राहा, मग कुत्र्याला उचलून घेऊन. फरक येतो तो आकडा खरा. मानेवर घालायच्या फिप्रोनिल या औषधाच्या नेहमीच्या नळ्या बघा: 10 किलोपर्यंत 0.67 मिली, 10 ते 20 किलोला 1.34, 20 ते 40 ला 2.68 आणि 40 ते 60 ला 4.02. मोठ्या कुत्र्याची नळी आणून दोन लहान कुत्र्यांत वाटायची कल्पना खिशाला गोड वाटते, पण ‘अर्धी’ नळी डोळ्यांनी मोजता येत नाही. गोळीचंही तसंच: औषध तिच्यात सगळीकडे सारखंच असेल याची खात्री नसते. पिल्लाचं वजन तर दर महिन्याला बदलतं. शिवाय प्रत्येक औषधाला कमीत कमी वय आणि वजनाची अट असते, ती पाकिटावर वाचल्याशिवाय पिल्लाला काहीच लावू नका.

कुत्र्याचं औषध मांजराला लावणं

यात जीव जातो, म्हणून जरा थांबून सांगते. कुत्र्यांच्या थेंबाच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक भरपूर असतं. कुत्र्याला ते चालतं. मांजराच्या यकृताला मात्र ते पचवून बाहेर टाकता येत नाही. काही तासांत अंग थरथरायला लागतं, मग झटके येतात. मांजराला मुद्दाम लावायलाच हवं असंही नाही. ओल्या मानेच्या कुत्र्याला ती बिलगली किंवा तिने त्याला चाटलं तरी पुरतं. घरात दोघंही असतील तर परमेथ्रिन आणूच नये, असं माझं मत. सशालाही फिप्रोनिल चालत नाही.

एकावर एक थर चढवणं

गळ्यात पट्टा, पोटात गोळी, रविवारी ‘पिसवांचा’ शॅम्पू, फिरायला जाताना स्प्रे. प्रत्येकाचं नाव वेगळं, पण आतलं रसायन कधी कधी एकच निघतं. ब्रँडचं नाव सोडा, ‘घटक’ असं लिहिलेली बारीक ओळ वाचा. अमिट्राझ हे गोचीड मारणारं रसायन असलेलं औषध मधुमेही कुत्र्याला नको, त्याने रक्तातली साखर वाढते. खरजेसाठी आयव्हरमेक्टिनचे मोठे डोस चालू असतील तर स्पिनोसॅड ही पिसवांची गोळी देऊ नका. कॉली आणि त्या जातकुळीतल्या काही कुत्र्यांत एमडीआर1 या जनुकात दोष असतो. त्यांच्यात आयव्हरमेक्टिनचा मोठा डोस थेट मेंदूपर्यंत पोचतो. गुरांचं औषध ‘थोडंसंच’ टोचून किंवा पाण्यात कालवून लावणाऱ्यांनी तर हे जरूर लक्षात ठेवावं.

आकडीचा इतिहास डॉक्टरांपासून लपवणं

फ्लुरालानर, अफोक्सोलानर, सारोलानर, लोटिलानर ही गोचीड-पिसवांच्या गोळ्यांतली, एकाच घराण्यातली औषधं. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने 2018 मध्ये त्यांच्याबद्दल सावध केलं: काही कुत्र्यांत थरथर, तोल जाणं, झटके दिसले, आणि त्यातल्या काहींना आधी कधीच झटके आलेले नव्हते. त्याच वेळी बहुतेक प्राण्यांसाठी ही औषधं सुरक्षित आहेत, असंही त्यांनी सांगितलं. दोन्ही वाक्यं एकत्र वाचायची असतात. लोक एकच वाचतात. लहानपणी एकदाच आलेली आकडीसुद्धा सांगा. पोटात गेलेली गोळी धुऊन काढता येत नाही. तिचा अंमल महिनाभर राहतो, फ्लुरालानरच्या गोळीचा तर 12 आठवडे.

उलट, घाबरून सगळंच बंद करणं ही तितकीच मोठी चूक. गोचिडीतून येणारा बॅबेसिया हा परजीवी रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, एर्लिकिया या जिवाणूच्या संसर्गात प्लेटलेट्स घसरतात. लहान पिल्लाला तर नुसत्या पिसवाच रक्त पिऊन पांढरंफटक करू शकतात. रॉकेल, लसूण, टी ट्री तेल हे ‘नैसर्गिक’ पर्यायही निरुपद्रवी नाहीत: रॉकेलने कातडी भाजते, लसूण जास्त गेला तर तांबड्या पेशी बिघडतात आणि टी ट्री तेल विषारी ठरतं.

केसांवर ओतणं

औषध केसांवर राहिलं तर वाया गेलं. दोन्ही खांद्यांच्या मध्ये, जिथे जीभ पोचत नाही तिथे, बोटांनी केस दुभागून कातडीची रेघ उघडी करा आणि तिथे सोडा. फिप्रोनिल कातडीच्या तेलातून अंगभर पसरतं, म्हणून आधी-नंतर दोन-दोन दिवस अंघोळ नको. वाळेपर्यंत लहान मुलांना दूर ठेवा.

तरीही त्रास झालाच तर

नुसती लाळ असेल तर बहुधा कडू औषध चाटलेलं असतं. पाणी प्यायला द्या. लावलेल्या जागी आग होत असेल, सारखं खाजवत असेल किंवा डोस जास्त पडला असेल, तर भांडी घासायच्या सौम्य साबणाने कोमट पाण्यात धुवा, पुसून कोरडं करा आणि डॉक्टरांना फोन लावा. थरथर, झटके, पाय लटपटणं किंवा सारख्या उलट्या दिसल्या तर धुण्यात वेळ न घालवता निघा. उलटी करवू नका, दूध-तेल पाजू नका. जमलं तर फोनवर झटक्याचा व्हिडिओ काढा, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत तो अनेकदा थांबलेला असतो.

आणि रिकामं पाकीट सोबत न्या. आमच्याकडे ते आता पुढच्या डोसपर्यंत फ्रिजच्या दारावर चिकटवलेलं असतं, वर मार्करने तारीख आणि त्या दिवशीचं वजन लिहून.