नाशिकच्या थंडीतलं गीझरचं बिल: दर, स्लॅब आणि युनिटांचा हिशेब

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतो आणि त्यामागोमाग वीजबिल दारात येतं. ‘पुन्हा दर वाढवले वाटतं’ ही घरातली पहिली प्रतिक्रिया. बहुतेक घरांत दर तेच असतात. आंघोळीच्या पाण्याने युनिटं वाढवलेली असतात आणि ती वाढीव युनिटं नेमकी महागाच्या स्लॅबमध्ये, म्हणजे जास्त दराच्या टप्प्यात, जाऊन पडलेली असतात. ही किती आणि कुठे पडली, ते घरच्या घरी काढता येतं.

आधी दराचं. नाशिकमध्ये वीज महावितरणची, पण महावितरणला मनाने दर लावता येत नाही. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ६२ खाली तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो: कंपनीची याचिका, लोकांच्या हरकती, सुनावणी आणि मग पैशापर्यंत आकडे असलेला आदेश. पण आदेशाने बांधलेला असतो तो एका युनिटचा दर, घराचं बिल नव्हे. ब्रिटनमध्ये कुणाचा मुलगा-सून असतील तर ते तिथल्या ‘प्राइस कॅप’बद्दल सांगतात. २०१९ पासून असलेली ऑफजेमची (तिथल्या ऊर्जा नियामकाची) ती मर्यादाही युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्थिर आकारावरच आहे. जाहीर होणारा वर्षाचा आकडा म्हणजे नमुन्याच्या घराचं बिल. त्याहून जास्त वापरलं की तिथेही जास्तच भरावं लागतं.

बिल हातात घ्या

मागच्या ऑक्टोबरचं आणि आताचं जानेवारीचं, अशी दोन बिलं शेजारी ठेवा. पाच ओळी बघायच्या. स्थिर आकार वापर शून्य असला तरी लागतो, त्यामुळे गीझरच्या हिशेबात तो सोडून द्या. वीज आकार स्लॅबप्रमाणे असतो: १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत पोचवण्याचा खर्च, प्रत्येक युनिटला सारखाच. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो आणि तोही स्लॅबनुसार वेगळा असतो. ‘दर वाढले नाहीत म्हणता, मग हे काय?’ याचं उत्तर बऱ्याचदा याच ओळीत सापडतं. शेवटी या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क.

रीडिंगच्या तारखाही बघाच. दोन रीडिंगमध्ये ३० ऐवजी ३८ दिवस गेले असतील तर युनिटं साहजिकच जास्त दिसतात. अशा वेळी स्लॅबही दिवसांच्या प्रमाणात ताणून मिळायला हवा, म्हणजे १०० च्या जागी साधारण १२७ युनिटं पहिल्या दरात. तो मिळाला की नाही हे गुणाकार करून तपासा. मीटर बंद पेटीत असल्याने सरासरी बिल आलं असेल तर पुढच्या महिन्यात दोन्हींचं एकत्र येतं, तिथेही हाच नियम.

एका घराचं गणित

आकडे २०२४-२५ चे घेऊ. ३१ मार्च २०२३ च्या आदेशातले घरगुती दर असे होते: पहिल्या १०० युनिटांना ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५, त्यापुढे १६.६४. वहन आकार १.१७, सिंगल फेजचा स्थिर आकार १२८ रुपये. पुढे नवे आदेश आले आहेत, म्हणून स्वतःचा हिशेब करताना आपल्या बिलावरचे दर घाला. पद्धत बदलत नाही.

चौघांचं घर, ऑक्टोबरचा वापर २४० युनिट. वीज आकार १९११.६०, वहन आकार २८०.८०, स्थिर १२८, त्यावर १६ टक्के. इंधन समायोजन धरलं नाही तर बिल २६९१ रुपये ६६ पैसे.

जानेवारीत गीझरमुळे ९० युनिटं वाढून ३३० झाली. वीज आकार २९६५.५०, वहन ३८६.१०, स्थिर तेवढाच. बिल ४०३६ रुपये ३४ पैसे. वापर साडेसदतीस टक्क्यांनी वाढला आणि बिल जवळपास ५० टक्क्यांनी. वाढीव १३४५ रुपये भागिले ९० केले की गीझरचं युनिट १४.९४ रुपयांना पडलं. एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून येणारी सरासरी मात्र १२.२३ दाखवते. फसगत इथेच होते: गीझर, हीटर, एसी यांचा खर्च सरासरी दराने धरायचा नसतो, ती युनिटं ज्या वरच्या स्लॅबमध्ये पडतात त्या दराने धरायचा.

एक गैरसमज सिडकोपासून गंगापूर रोडपर्यंत सगळीकडे ऐकू येतो: ‘३०० च्या वर एक युनिट गेलं की सगळंच्या सगळं बिल वरच्या दराने लागतं.’ तसं नाही. वरच्या उदाहरणात १४.५५ चा दर फक्त शेवटच्या ३० युनिटांना लागला. म्हणून ३०१ वर पोहोचलात म्हणून घाबरायचं कारण नाही, आणि २९९ वर थांबलात म्हणून काही मोठा डल्ला मारलात असंही नाही.

स्लॅबनिहाय वाचलेल्या एका युनिटची किंमत, वहन आकार आणि शुल्क धरून, याच दरांनी: पहिल्या स्लॅबमध्ये ६.८२ रुपये, दुसऱ्यात १३.२९, तिसऱ्यात १८.२४, चौथ्यात २०.६६. बचत नेहमी वरून कापली जाते. त्यामुळे महिन्याला ८० युनिटं वापरणाऱ्या वन-रूम-किचनवाल्याने आणि ६०० वापरणाऱ्या बंगलेवाल्याने एकच उपाय केला तर फायदा तिपटीच्या फरकाने पडतो.

आपला गीझर किती खातो

सूत्र सोपं आहे. लिटर गुणिले जितके अंश तापवायचं तितके, भागिले ८६०, उत्तर युनिटांत. नाशिकच्या थंडीत टाकीतलं पाणी सकाळी १८ अंशांच्या आसपास धरा. अंगावर घ्यायला ४२ पुरे. २० लिटरची बादली: २० × २४ ÷ ८६० = ०.५६ युनिट. चौघांचे रोजचे सव्वादोन. टाकीतून झिरपणारी उष्णता, पाइपात राहून जाणारं पाणी आणि चार भांड्यांचं गरम पाणी धरलं की तीनच्या घरात. महिन्याचे ९० आले ते असे.

मोजून बघायचं असेल तर मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा वापरा. मीटरच्या पाटीवर एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं. समजा ३२०० आहे. घरातले बाकीचे एमसीबी पाडा, फक्त गीझर चालू ठेवा आणि मोबाइलवर एक मिनिट व्हिडिओ घ्या. डोळ्याने मोजायला जाल तर चुकाल, व्हिडिओ हळू करून मोजा. २००० वॉटच्या गीझरला मिनिटाला १०७ च्या आसपास लुकलुक यायला हवी (१०७ × ६० ÷ ३२०० = २ किलोवॉट). ८९ आली तर घाबरू नका. व्होल्टेज २३० ऐवजी २१० असेल तर तोच गीझर १६७० वॉटच घेतो. पाणी तापायला वेळ जास्त लागतो, युनिटं जवळपास तेवढीच.

मग गीझरचा एमसीबीही पाडा. आता एकही लुकलुक नको. येत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा आपल्या मीटरवरून दुसऱ्याची लाइन गेली आहे. वायरमन बोलवायचा तो इथे.

कापायचं कुठे

लिटर. बाकी सगळं त्यानंतर. शॉवर मिनिटाला १२ लिटर टाकत असेल तर आठ मिनिटांत ९६ लिटर होतात, म्हणजे जवळपास पाच बादल्या, अडीच युनिटांहून जास्त. प्रेशर पंप असलेल्या फ्लॅटमध्ये हे हमखास घडतं. बादली आणि तांब्या यांच्याइतका स्वस्त उपाय अजून निघालेला नाही.

थर्मोस्टॅट ६५ वरून ५०-५५ वर आणा असं सगळे सांगतात. खरं आहे, पण अर्धंच. त्याने फक्त टाकीतून झिरपणारी उष्णता कमी होते. आंघोळीपुरता वीस मिनिटं लावून बंद करत असाल तर फरक नावापुरता. दिवसभर चालू ठेवायची सवय असेल तर मात्र तो दिसतो. नवीन गीझर घेताना ताऱ्यांच्या लेबलवर २४ तासांची ‘स्टँडिंग लॉस’ युनिटांत लिहिलेली असते, दोन मॉडेलांची तुलना त्या आकड्यावर करा.

आंघोळी लागोपाठ उरका. अर्धा इंची पाइपात दहा मीटरला पावणेदोन लिटर पाणी मावतं. दोन आंघोळींत तासाचं अंतर पडलं की तेवढं गरम पाणी पाइपातच गार होतं. इन्स्टंट गीझरने बिल निम्मं होतं हेही दुकानदाराचं बोलणं. तेवढंच पाणी तेवढंच तापवायला तेवढीच युनिटं लागतात, वाचते ती फक्त टाकीची झीज. शिवाय तीन किलोवॉटच्या इन्स्टंटला १६ अँपिअरचा पॉइंट आणि ४ चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर हवी. जुन्या वाड्यातल्या वायरिंगवर तो लावू नका.

बिघाडात दोन गोष्टी खरोखर युनिटं खातात. एक, थर्मोस्टॅट चिकटतो, पाणी उकळीला जातं आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब गरम पाणी गळत राहतं. दोन, बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षार चढतो, कॉइल तडकते आणि करंट अर्थिंगला जातो. नुसत्या क्षाराने वीज फारशी वाढत नाही, कारण उष्णता शेवटी पाण्यातच जाते. पण कॉइल आतून जास्त तापून लवकर जळते. सातपूर-अंबड पट्ट्यात बोअरचं पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांनी दर वर्षी कॉइल साफ करावी आणि टाकी गंजू नये म्हणून आत असलेली मॅग्नेशियमची कांडी बोटाएवढी बारीक झाली की बदलावी.

गॅसवर गेलं तर

१४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांइतकी उष्णता असते. गॅस गीझरमधून त्यातली १४५-१५० पाण्यात उतरते. सिलिंडरची किंमत १५० ने भागा. ८५० रुपये असेल तर युनिट ५.६७ ला पडलं. पाइप गॅसचा हिशेब: एका घनमीटरच्या दराला साडेसातने भागा. आलेला आकडा आपल्या वरच्या स्लॅबच्या दराशी ताडून बघा. दुसऱ्या स्लॅबपासून पुढे गॅस बहुधा जिंकतो, पहिल्या स्लॅबमध्ये फरक इतका थोडा असतो की नवीन गीझरचे पैसे निघायला वर्षं जातील.

पाइप गॅसलाही एक मर्यादा आहे, पण ती वेगळ्या ठिकाणी. एप्रिल २०२३ पासून सरकारी कंपन्यांच्या जुन्या क्षेत्रांतल्या गॅसचा भाव कच्च्या तेलाच्या १० टक्के, एमएमबीटीयूमागे (गॅसमधली उष्णता मोजायचं माप) किमान ४ आणि सुरुवातीला कमाल साडेसहा डॉलर असा बांधला आहे. दोन वर्षांनंतर कमाल मर्यादा दर वर्षी पाव डॉलरने वाढते. हा विहिरीवरचा भाव. शहरातली पाइपलाइन, कर आणि वितरण कंपनीचा वाटा त्याच्या बाहेर, म्हणून आपल्या बिलावरचा दर आयोगाने ठरवलेल्या विजेच्या दरासारखा बांधलेला नसतो.

गॅस गीझर बंद बाथरूममध्ये लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस आंघोळ करता करता कोसळतो. गीझर बाहेर गॅलरीत, नळी आत.

गच्चीवर जागा असेल तर सोलर वॉटर हीटर या गावाला मानवतो, कारण थंडीत आकाश निरभ्र असतं. १०० लिटर १८ वरून ५५ वर नेले की रोजची सव्वाचार युनिटं. चूक एकच होते: बॅकअपची कॉइल रात्रभर चालू राहते, पाणी विजेने तापून बसतं आणि सकाळी उन्हाला काम उरत नाही. ती कॉइल टायमरवर, ढगाळ दिवशीच.

टीओडी (दिवसाच्या वेळेनुसार वापर मोजणारा) स्मार्ट मीटर बसला असेल तर जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या घरगुती वापराला सवलत सुरू झाली, २०२५-२६ मध्ये ती युनिटमागे ८० पैसे होती. पहाटेच्या आंघोळीला तिचा उपयोग नाही. घरी असणाऱ्यांनी नऊनंतर आंघोळ केली आणि रोजची तीन युनिटं तिकडे सरकली तर ८० पैशांच्या हिशेबाने महिन्याला ७२ रुपये आणि त्यावरचं शुल्क वाचतं. आजोबांना त्यासाठी कुडकुडत बसवू नका.

बिलच चुकलं असेल तर

मीटरवरचं आजचं रीडिंग आणि बिलावरचं रीडिंग यांचा फोटो काढा. आधी १९१२ वर किंवा ॲपवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, मग उपविभागात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. मीटर जोरात पळतो असं वाटत असेल तर ॲक्युचेकची (मीटर तपासायच्या यंत्राने चाचणीची) मागणी त्याच अर्जात करा. वादाच्या काळात वीज तोडू नये म्हणून वीज कायद्याच्या कलम ५६ मध्ये सोय आहे: मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरायची आणि तसं पत्रात लिहायचं. दाद लागली नाही तर नाशिक परिमंडळाच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत मुंबईच्या विद्युत लोकपालांकडे. वकील लागत नाही, पण दोन्ही बिलं, फोटो आणि अर्जाची पोच लागते.