लोकल केबल चॅनल, आकाशवाणी आणि पंचगंगेची पातळी

सारखे मेसेज येतात, ताई मास कॉम झालंय, डायरेक्ट मुंबईला न्यूज चॅनलला ट्राय करू का. करा की, कोण अडवतंय. मी कोल्हापुरात लोकल केबल चॅनलला चार वर्षं काढली, नंतर आकाशवाणीला कॅज्युअल म्हणून (बोलावतील तेवढ्या दिवसांपुरतं) बातम्या लिहिल्या, तेवढंच मला माहितीय, तेवढंच सांगते.

लोकलला रिपोर्टर म्हणून घेतात आणि आठवड्यात कळतं की बूम म्हणजे माइक आपणच धरायचा, बाईट म्हणजे लोकांचं बोलणं आपणच घ्यायचं, स्क्रिप्ट आपली, व्हीओ म्हणजे बातमीमागचा आवाज आपला, आणि अँकर सुट्टीवर असली की ब्लेझर चढवून बसायचंपण आपणच (खाली जीन्स आणि चप्पल, टेबलामागं कोण बघतंय). वैताग येतो, पण एडिटिंगला स्वतः बसलात की कळतं कटअवे (बोलणाऱ्याच्या मधे लावायचे दुसरे शॉट) न घेता आल्यावर काय होतं ते, मग पुन्हा विसरत नाही.

पावसाळ्यात आमची मेन बातमी एकच, राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. एका जुलैत मी टिकर (स्क्रीनखालची पळती पट्टी) टाइप करत होते, एकीकडं फोन, एकीकडं चहा, आणि 34 च्या जागी 43 गेलं. कुणाच्या लक्षात नाही. पाच मिनिटांत नदीकाठच्या चिखलीकडनं एका काकांचा फोन, "ताई, त्रेचाळीस झालं म्हणं, जनावरं सोडायची का?" माझ्या पोटात गोळा आला. टिकर लगेच बदलला, पण तोवर त्यांनी एक म्हैस सोडली होती. दुसऱ्या दिवशी मंडईत भाजीवाल्या मावशींनीपण विचारलं, काल तुमच्यात काय झालंतं? मोठ्या चॅनलला चूक झाली तर सोशल मीडियावर ट्रोल होता, इथं माणूस समोर येऊन विचारतो.

आता आकाशवाणीचं. आमच्या घरी दूरदर्शनच्या सातच्या बातम्या लागल्या की आई कुकर लावायची, आणि मला त्या बातम्या भयंकर बोअर वाटायच्या, एवढं सावकाश कोण बोलतं. तशाच बातम्या आकाशवाणीला लिहायची वेळ आली तेव्हा कळलं किती अवघड आहे. टीव्हीला व्हिज्युअल सांभाळून घेतं, रेडिओत वाक्य एकदाच कानावर पडतं, मागं जाऊन वाचता येत नाही. माझ्या पहिल्याच कॉपीतलं (लिहिलेल्या बातमीतलं) "खळबळ" आणि "धक्कादायक" तिथल्या सरांनी पेनानं उडवलं, आणि पाण्याच्या बातमीवर नुसतं विचारलं, "हे कुणी सांगितलं? किती वाजता?" उत्तर होतं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष, सकाळी सात, पण मी लिहिलंच नव्हतं. तेव्हापासून कुठलाही आकडा लिहिताना कुठला, किती वाजताचा आणि कुणी दिला एवढं जोडल्याशिवाय मी पुढं जात नाही. केबलला असताना ही सवय असती तर ती म्हैस गोठ्यातच राहिली असती.

कॅज्युअल म्हणजे नोकरी नाही हे मात्र डोक्यात पक्कं ठेवा. प्रसार भारतीच्या वेबसाइटवर पॅनेलची (कॅज्युअल म्हणून बोलवायच्या लोकांच्या यादीची) जाहिरात येते, लेखी परीक्षा असते, इंग्रजीतनं मराठी अनुवाद असतो, वाचायचं असेल तर आवाजाची टेस्ट असते. पास झालात तरी महिन्यातले मोजकेच दिवस मिळतात, बाकी दिवस पोट भरायला दुसरं काहीतरी लागतंच, मी अनुवाद करायचे. तिथं कायमचं अधिकारी व्हायचं असेल तर यूपीएससीतनं भारतीय माहिती सेवा आहे, तो रस्ताच वेगळा.

लोकलला जॉइन होताना लाजू नका, तोंडावर विचारा: पेट्रोल कोण देणार, पैसे महिन्याला की बातमीमागं, आणि जाहिराती आणायला लागणार का. शेवटचा प्रश्न मी विचारला नव्हता, मग दिवाळीत नगरसेवकांच्या दारात शुभेच्छांच्या जाहिराती मागत हिंडले, आणि त्याच नगरसेवकाच्या वॉर्डातल्या तुंबलेल्या गटारीची बातमी आठ दिवस माझ्याच पेनड्राइव्हमध्ये पडून राहिली.