एकदाच ऐकू येणार: आयेल्ट्सच्या लिसनिंगची तयारी

आयेल्ट्स, म्हणजे परदेशी जाताना लागणारी इंग्रजीची परीक्षा, द्यायची ठरली की बहुतेक जण आधी रायटिंगच्या मागे लागतात, कारण बँड (म्हणजे ९ पैकी मिळणारा गुणांक) सगळ्यांत जास्त तिथेच अडकतो. लिसनिंग मात्र ‘ते काय, होऊन जाईल’ म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकललं जातं. माझं मत नेमकं उलट आहे. मराठी माध्यमातून आलेल्या माणसाला त्यातल्या त्यात लवकर बँड वाढवता येतो तो लिसनिंगमध्येच. हिशोब करून बघा. रीडिंग ७, रायटिंग ६, स्पीकिंग ६.५ आणि लिसनिंग ७ असेल, तर सरासरी येते ६.६२५ आणि एकूण बँड हातात पडतो ६.५. तेच लिसनिंग ७.५ झालं, की सरासरी ६.७५ होते आणि ती ७ धरली जाते. लिसनिंगचे प्रश्न ४०. साधारण ३० बरोबर आले की ७ आणि ३५ आले की ८. म्हणजे सारा खेळ दोनतीन उत्तरांचा आहे.

परीक्षेचा साचा थोडक्यात सांगतो. अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग, चार भाग, प्रत्येकात दहा प्रश्न, आणि सगळं एकदाच ऐकवतात. पहिल्या भागात दोघांचं रोजच्या कामाचं बोलणं असतं: खोली बघायची, क्लासला नाव घालायचं, असलं काहीतरी. दुसऱ्यात एकच माणूस एखाद्या जागेची किंवा कार्यक्रमाची माहिती देतो, आणि बऱ्याचदा इथेच नकाशा येतो. तिसऱ्यात विद्यार्थी आपसात किंवा शिक्षकांशी चर्चा करतात. चौथ्यात व्याख्यान, तेही मध्ये न थांबता. परीक्षेचे प्रकार दोन, पण अकॅडमिक असो की जनरल ट्रेनिंग, लिसनिंगचा पेपर एकाच साच्याचा. जुन्या सराव पुस्तकांत भागांना ‘सेक्शन’ म्हटलेलं दिसेल आणि पहिल्या भागाआधी एक नमुना प्रश्न सोडवून दाखवलेला असेल. जानेवारी २०२० पासून तो नमुना बंद झाला. आता थेट पहिल्या प्रश्नापासूनच कान टवकारायचे.

आपली खरी अडचण वेगळी आहे. आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकलो. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी पाचवीपासून होतं. पण दोन्हीकडे इंग्रजी म्हणजे धडा वाचायचा, प्रश्नोत्तरं लिहायची आणि सरांच्या तोंडून ऐकायचं. सरांचे उच्चार आपल्यासारखेच. त्यामुळे कागदावर ओळखीचा असलेला शब्द कानावर पडला की परका वाटतो. अशा माणसाला शब्दसंग्रह वाढवायला सांगणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि लेप दुसरीकडे.

क्लासमध्ये काय होतं? रोज एक पूर्ण टेस्ट लावतात, उत्तरं सांगतात, मार्क लिहून घेतात आणि उद्या पुढची टेस्ट. मी गेलो तो क्लासही असाच होता. अशाने परीक्षेचा सराव होतो, कानाचा होत नाही. चांगल्या सराव टेस्ट मोजक्याच असतात, त्या अशा उधळू नका. एक टेस्ट घ्या आणि तिच्यातलं एकेक रेकॉर्डिंग निचोडून काढा.

निचोडायचं कसं, ते एका वाक्यावरच दाखवतो. समजा, पहिल्या भागात सामान हलवणाऱ्या कंपनीची बाई फोनवर म्हणते, “वी हॅड यू डाऊन फॉर ट्यूज्डे, बट द व्हॅन्स इन फॉर रिपेअर, सो शॅल वी से थर्स्डे?” उत्तराच्या जागी वार लिहायचा आहे. घाईत ‘ट्यूज्डे’ लिहिलं की गेला मार्क. परीक्षा घेणारे हा गळ मुद्दाम टाकतात: आधी एक माहिती, मग ‘बट’, ‘ॲक्च्युअली’, ‘ओ नो, वेट’ आणि मग खरी माहिती. पेपर तपासताना अशा चुकीपुढे मी वहीत ‘गळ’ असं लिहायचो. पण कधीकधी ‘थर्स्डे’ हा शब्दच कानात शिरलेला नसतो, कारण ‘शॅल वी से’ हे तिच्या तोंडून ‘शल्वीसे’ असं एका झटक्यात येतं आणि आपण त्याच्यातच अडकून पडतो. त्यापुढे ‘कान’. दोन्ही चुकांत उत्तर सारखंच चुकलं, पण औषध निराळं. म्हणून नुसते मार्क मोजू नका. प्रत्येक चुकलेल्या उत्तरापुढे कारण लिहा. माझ्या वहीत आणखी दोन शिक्के होते. ‘मागे राहिलो’, म्हणजे एक उत्तर हुकलं आणि त्याचा विचार करता करता पुढची दोनही निसटली. आणि ‘स्पेलिंग’.

हे झालं की मग त्या रेकॉर्डिंगची लिखित संहिता समोर न ठेवता तेच दोनतीन मिनिटांचं बोलणं पुन्हा लावायचं आणि वाक्यावाक्याला थांबवून जसंच्या तसं लिहायचं. पहिल्यांदा फार कंटाळा येतो, एका मिनिटाला अर्धा तास जातो. नंतर संहितेशी ताडून बघा. सुटलेले शब्द बहुतेक वेळा अवघड नसतातच. सुटतात ते ‘टू’, ‘ऑफ’, ‘हॅव’, ‘कॅन’ असले चिल्लर शब्द आणि अनेकवचनाचा शेवटचा ‘स’. शेवटी संहिता हातात घेऊन त्या माणसाच्या बरोबरीने, त्याच्याच वेगात मोठ्याने बोला. घरचे हसतील, हसू द्या. जे तोंडातून एका दमात निघतं, ते कानालाही पुढच्या वेळी ओळखू येतं. तेच रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी बसमध्ये किंवा लोकलमध्ये नुसतं ऐका.

उच्चारांबद्दल. या परीक्षेत ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, अमेरिकन, कॅनेडियन असे सगळेच बोलतात. ब्रिटिश माणूस शब्दातला ‘र’ बऱ्याचदा गिळतो, त्यामुळे ‘कार पार्क’ हे ‘का पाक’ होतं. अमेरिकन माणूस ‘थर्टी’ला ‘थर्डी’ म्हणतो. मात्र ‘थर्टीन’मधला ‘ट’ ठसठशीत राहतो आणि जोरही शेवटावर असतो, तिथे घोटाळा टळतो. ऑस्ट्रेलियन ‘एट’ आपल्या कानाला ‘आइट’ वाटतो. याच कारणाने ते नावाचं स्पेलिंग सांगताना ‘ए’ म्हणतात तेव्हा आपण बिनधास्त ‘आय’ लिहून बसतो. न्यूझीलंडचा ‘पेन’ जवळजवळ ‘पिन’ असतो. ‘एच’ला काही जण ‘हेच’ म्हणतात, फोन नंबरमध्ये शून्याला ‘ओ’. आणि ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोन्हींना आपल्याकडे एकच ‘व’, म्हणून आडनावं लिहून घेण्याचा सराव वेगळा करा. मित्राला फोनवर इंग्रजी आडनावं आणि ब्रिटिश पिनकोड वाचायला सांगा. याहून स्वस्त क्लास नाही.

तिसरा भाग बहुतेकांना जड जातो आणि त्याचं कारण भाषेपेक्षा शिष्टाचारात आहे. पर्याय तीन असतात आणि तिन्हींचा उल्लेख बोलण्यात येतो. विद्यार्थिनी म्हणते, “आय सी व्हॉट यू मीन, बट आयम नॉट एंटायरली कन्व्हिन्स्ड.” आपल्याला वाटतं, थोडीफार पटलेली दिसते. प्रत्यक्षात तिने साफ नाही म्हटलेलं असतं. हे असलं गुळमुळीत ‘नाही’ ओळखायला टेस्टपेक्षा मुलाखती आणि चर्चा ऐकणं बरं. बीबीसी रेडिओ आणि ऑस्ट्रेलियाचा एबीसी, दोन्हींवर असा भरपूर माल आहे. वेब सिरीज बघा, जरूर बघा, पण सबटायटल लावून बघितलं तर ते वाचन झालं. त्याला तयारीत धरू नका.

स्पेलिंग चुकलं की उत्तर चूक, तिथे दयामाया नाही. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही चालतात. ‘अकॉमोडेशन’मध्ये दोन सी आणि दोन एम, ‘वेन्सडे’मधला न ऐकू येणारा डी, ‘फेब्रुवारी’तला पहिला आर, ‘क्वेश्चनेअर’मधले दोन एन: पहिल्या भागात घसरतात ते अशाच शब्दांवर. शंका असेल तर सगळं कॅपिटलमध्ये लिहा, चालतं. सूचनेत ‘नो मोअर दॅन टू वर्ड्स’ असेल आणि तुम्ही पुढे ‘द’ जोडून तीन शब्द केलेत, तर बरोबर माहितीही बाद होते.

‘मागे राहिलो’वर एकच इलाज आहे: हुकलेलं सोडून द्यायचं आणि नजर पुढच्या प्रश्नातल्या ठळक शब्दावर न्यायची. प्रत्येक भाग संपल्यावर उत्तरं तपासायला थोडा वेळ देतात. तो मी तपासण्यात घालवला नाही, पुढच्या भागाचे प्रश्न वाचण्यात घालवला. रिकाम्या जागेत काय बसणार, नाम की आकडा, एकवचन की अनेकवचन, हे आधी ताडलं की कान नेमक्या ठिकाणी लागतो. लक्षात ठेवा, प्रश्नातला शब्द बोलण्यात तसाच येत नाही. कागदावर ‘चीप’ असेल, तर माणूस म्हणेल ‘इट वोन्ट कॉस्ट यू मच’.

परीक्षा कागदावर असेल, तर शेवटी उत्तरं उतरवायला १० मिनिटं मिळतात. संगणकावर मात्र ऐकता ऐकताच टाइप करायचं आणि शेवटी फक्त २ मिनिटं तपासायला. त्यामुळे नोंदणी केलीत त्याच प्रकाराने सराव करा. संगणकावर देणार असाल, तर हेडफोन लावून, कीबोर्डवर. टायपिंग कच्चं असेल तर चौथ्या भागात हमखास धांदल उडते. सुरुवातीच्या चाचणीतच आवाज नीट लावून घ्या, काही खरखर वाटली तर तिथल्या तिथे हात वर करा. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही चौकट रिकामी सोडू नका. त्या शेवटच्या दोन मिनिटांत आधी रिकाम्या जागा भरा, मग अनेकवचनाचे ‘स’ बघा.