पीएचडीसाठी ‘संशोधनाचे क्षेत्र’ लिहिताना या चुका टाळा

पीएचडीचा अर्ज भरताना ‘संशोधनाचे क्षेत्र’ हा रकाना बहुतेक जण सगळ्यात शेवटी आणि घाईत भरतात. मग त्यात ‘ग्रामीण विकास, महिला सबलीकरण, कामगार चळवळ’ असं काहीतरी पडतं. मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो, “यातलं नेमकं काय?” आणि तिथेच गाडी अडते. इथे सोलापुरात, केगावला विद्यापीठात आलेली कितीतरी हुशार मुलं या एका प्रश्नावर गप्प झालेली मी पाहिली आहेत. वाचन असतं, तळमळ असते, गावाची माहिती तर समोरच्यांपेक्षा जास्त असते. फक्त आपल्याला काय शोधायचंय हे एका वाक्यात मांडायला कुणी शिकवलेलं नसतं, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

समाजशास्त्र, इतिहास, मराठी, अर्थशास्त्र घेऊन पीएचडी करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय. वैद्यकीय महाविद्यालयात एमडी करताना प्रबंधाचा विषय शोधणाऱ्या डॉक्टरांनीही वाचावं. विषय वेगळे असले तरी चुका त्याच आहेत.

विषयाचं नाव लिहिणं

‘समाजशास्त्र’ ही विद्याशाखा झाली. ‘यंत्रमाग कामगार’ हा लोकांचा समूह झाला. यातलं एकही संशोधनाचं क्षेत्र नाही, कारण यात प्रश्नच नाही.

अक्कलकोट रोडवरच्या एखाद्या टॉवेलच्या कारखान्यात भर दुपारी जाऊन उभे राहा. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, माणसं ओठांकडे बघून आणि हातवाऱ्यांनी बोलतात. भुवयांवर, केसांवर सुताची पांढरी लव बसलेली असते. आता याच जागेवर चार संशोधक उभे करा.

डॉक्टरला ती लव दिसेल. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या आजारात साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर आल्यावर पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते, म्हणून त्याला सोमवारचा आजार असंही म्हणतात. म्हणजे तपासणी आठवड्याच्या कुठल्या दिवशी करायची हाच संशोधनाचा भाग होतो. कानाच्या डॉक्टरला वेगळंच दिसेल. आवाजाने येणारा बहिरेपणा साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास आधी सुरू होतो, त्यामुळे रोजच्या बोलण्यात फरक जाणवायच्या कितीतरी आधी तो ऑडिओग्राममध्ये, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखात दिसतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी विचारेल, मजुरी नगावर की पाळीवर? वीज गेली तर त्या तासांचा तोटा कुणाच्या अंगावर? आणि भाषेच्या अभ्यासकाने कान देऊन ऐकावं, की मागाच्या भागांची नावं हा माणूस तेलुगूत घेतो, मराठीत घेतो, की इंग्रजी शब्द मोडून त्याने स्वतःचे केलेत?

एका शेडमध्ये चार वेगळे प्रबंध आहेत, आणि ‘यंत्रमाग कामगार’ या दोन शब्दांत त्यातला एकही दिसत नाही. म्हणून कोण, कुठे, कोणत्या काळात आणि कशावरून, ही चारही उत्तरं एका वाक्यात आणा. उदाहरणार्थ: ‘गिरण्या बंद पडल्यावर यंत्रमागाकडे वळलेल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक कुटुंबांत घरातल्या बायकांचं काम कसं बदललं, हे मला मुलाखती आणि मजुरीच्या वह्यांवरून पाहायचं आहे.’ वाक्य लांब झालं तरी चालेल. मुलाखतीत पुढचा प्रश्न याच वाक्यातून निघेल आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे असेल.

शेवटी ‘सोलापूर जिल्हा : एक अभ्यास’ चिकटवणं

गावाचं नाव जोडलं की विषय नवा होतो असा समज आहे. सोलापूरच का, याला ‘मी इथला आहे म्हणून’ एवढंच उत्तर असेल तर समितीचं समाधान होत नाही. आपल्या जिल्ह्यात ११ तालुके आहेत. माळशिरसचा ऊस, सांगोल्याचं डाळिंब, मंगळवेढ्याची ज्वारी, पंढरपूरची वारीवर चालणारी बाजारपेठ, अक्कलकोटची कन्नडभाषक गावं. या सगळ्यांची सरासरी काढून ‘सोलापूर जिल्ह्यातील शेतकरी’ म्हटलं की हाती काहीच लागत नाही. त्यापेक्षा दोन तालुके घ्या आणि हेच दोन का, ते सांगा.

इतिहासाच्या मुलांचं मन सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉकडे, म्हणजे लष्करी कायद्याकडे ओढ घेतं, आणि ते साहजिकच आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं, हे इथल्या प्रत्येक पोराला शाळेपासून ठाऊक असतं. पण ‘मार्शल लॉ आणि चार हुतात्मे’ असा विषय दिलात, तर तुम्ही माहीत असलेलीच गोष्ट पुन्हा सांगणार. खटल्याची कागदपत्रं, गृहखात्याच्या फायली, त्या काळातली मराठी आणि कन्नड वर्तमानपत्रं, यांतलं तुम्ही काय वाचणार आहात आणि त्यातून कोणती नवी बाजू कळेल, हे सांगा. सेटलमेंट भागाचंही तसंच. गुन्हेगार जमाती कायद्याखाली इथे तारेच्या कुंपणात डांबलेली माणसं गिरण्यांत कामाला जायची. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्यानंतरच्या पहिल्या पिढीने घर, शाळा आणि काम कसं मिळवलं, हे सांगणारी माणसं आता वयाने थकली आहेत. तो प्रश्न ज्याला पडलाय त्याने थांबू नये.

लोक कोणत्या भाषेत बोलतात हे विसरणं

ही चूक मी स्वतः केली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

विडी कामगार बायकांच्या सर्वेक्षणासाठी मी विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत गेलो होतो. पन्नाशीच्या एक बाई उंबऱ्याशी बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. माझ्याकडे बघत बोलत होत्या आणि बोटं आपली आपण वळत होती. पान, चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, दोरा. मी फॉर्मवरचा प्रश्न वाचला, “कामाचा तुमच्या आरोग्यावर काही परिणाम झाला आहे का?” त्या म्हणाल्या, “नाही.” मी ‘नाही’वर खूण केली. त्याआधीच्या जवळजवळ सगळ्याच फॉर्मवर मी तीच खूण केली होती.

शेजारी त्यांची मुलगी अभ्यास करत होती. तिने वही खाली ठेवली आणि आईला तेलुगूत काहीतरी विचारलं. त्यातला ‘नोप्पी’ एवढाच शब्द मला कळला, म्हणजे दुखणं. बाईंनी सूप बाजूला ठेवलं. आधी मनगट दाखवलं, मग खांदा, मग पाठीवर हात नेऊन कंबर. रात्री कूस बदलताना जाग येते म्हणाल्या. ‘आरोग्य’ हा शब्द त्यांच्यासाठी दवाखान्याच्या कार्डावरचा होता, रोजच्या दुखण्याशी त्याचा संबंध नव्हता. त्या दिवशी घरी येऊन मी ४० फॉर्म बाजूला काढले आणि प्रश्नावली पहिल्यापासून लिहिली.

त्यामुळे संशोधनाचं क्षेत्र लिहितानाच स्वतःला विचारा, या माणसांची भाषा मला येते का? पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड, कित्येक मोहल्ल्यांत उर्दू. येत नसेल तर हरकत नाही, पण तशी तरतूद आराखड्यात दाखवा. प्रश्नावली एकाकडून तेलुगूत करून घ्या, दुसऱ्याकडून ती परत मराठीत आणा आणि दोन्ही मराठी मजकूर शेजारी ठेवून बघा. अर्थ कुठे सांडला ते लगेच कळतं. आणि पहिले दहा फॉर्म सरावाचे समजा.

आधी काय झालंय ते नीट न शोधणं

‘या विषयावर काहीच काम झालेलं नाही’ हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात लिहायच्या आधी शोधगंगा हे संकेतस्थळ उघडा. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे आहेत. काही सापडलं नाही तर बहुतेक वेळा शोधण्याची पद्धत चुकलेली असते. मराठी प्रबंधांची नावं कुठे देवनागरीत, तर कुठे रोमन लिपीत नोंदलेली असतात, म्हणून दोन्ही प्रकारे शोधा. आणि आपल्या शहराचं जुनं इंग्रजी स्पेलिंग! इंग्रजांच्या काळातल्या कागदांत ‘एस’नंतर ‘एच’ असायचा, म्हणजे शोलापूर. आजच्या स्पेलिंगने शोधलं की जुनं गॅझेटियर, गिरण्यांचे अहवाल, कितीतरी लेख निसटतात. विडीचंही इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी स्पेलिंग करतात. डॉक्टरांनी पबमेडवर ते सगळे प्रकार टाकून बघावेत.

आधीचा प्रबंध सापडला म्हणून विषय सोडून देऊ नका. त्याच्या शेवटी लेखकाने स्वतःच्या कामाच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. ते पान सगळ्यात आधी वाचा. तुमचा प्रश्न पुष्कळदा तिथेच सापडतो.

एमडीच्या प्रबंधात होणारी घाई

इथे वेळ कमी असतो, पूर्ण कोर्सच तीन वर्षांचा. तरीही वर्षाला मोजकेच रुग्ण येणारा दुर्मिळ आजार निवडला जातो आणि शेवटी नमुना संख्या भरत नाही. विषय नक्की करण्यापूर्वी ओपीडीच्या रजिस्टरवरून गेल्या वर्षी तसे किती रुग्ण आले ते मोजा. एका दुपारचं काम आहे, पण त्याने पुढचे कित्येक महिने वाचतात.

नैतिकता समितीची मंजुरी आधी, माहिती गोळा करणं नंतर. हा क्रम उलटा झाला तर दुरुस्ती नाही. उपचारांची चाचणी असेल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत पहिला रुग्ण घेण्यापूर्वी नोंद लागते. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून केलेली नोंद स्वीकारत नाहीत. आणि संमतिपत्र फक्त इंग्रजीत ठेवू नका. वर सांगितलेली भाषेची गोष्ट वॉर्डातही तितकीच लागू आहे.

सामाजिक शास्त्रांतल्या मुलांना वाटतं हे सगळं डॉक्टरांपुरतं आहे. तुम्ही एखाद्या बाईला गर्भपाताबद्दल, कर्जाबद्दल, नवऱ्याच्या दारूबद्दल विचारणार असाल, तर तिची परवानगी आणि तिचं नाव गुप्त ठेवण्याची सोय तुम्हालाही करावी लागेल.

गाइडला पाठवायचा मेल

एकच मजकूर दहा जणांना पाठवू नका, कळतं ते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ पीएचडी विद्यार्थी असू शकतात. म्हणून आधी जागा आहे का ते विद्यापीठाच्या यादीत बघा. ज्यांना लिहायचं त्यांचे अलीकडचे दोन लेख वाचा आणि तुमचा प्रश्न त्यांच्या कामाला कुठे जोडला जातो ते दोन ओळींत लिहा. ‘आदरणीय सर’ किंवा ‘आदरणीय मॅडम’ एवढा मान पुरे, स्तुती नको. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा नम्र आठवण करा आणि विभागात प्रत्यक्ष जाऊन भेटा. आपल्याकडे भेटीनेच कामं लवकर होतात.

आपलं नाव पहिल्यापासून एकाच पद्धतीने लिहा. कुठे आडनाव आधी, कुठे फक्त आद्याक्षरं, लग्नानंतर वेगळं आडनाव, असं झालं की एकाच माणसाचे लेख तिघांच्या नावावर विखुरतात. ऑर्किडचा (ORCID) १६ अंकी क्रमांक, म्हणजे संशोधकाची कायमची ओळख, फुकट मिळतो, तो आजच घ्या.

सिनॉप्सिस परत आला तर

आधी शेरा लेखी मागून घ्या. ‘विषय व्यापक आहे’ असं म्हटलं असेल तर काळ किंवा जागा कमी करा, प्रश्न बदलू नका. ‘नावीन्य नाही’ म्हटलं असेल, तर पुष्कळदा आधीच्या कामाचा आढावा कच्चा असतो. तो आढावा नीट करून त्यात तुमची जागा दाखवा. ‘पद्धती अस्पष्ट’ असा शेरा असेल तर पुस्तकातल्या व्याख्या काढून टाका आणि कुणाला भेटणार, किती जणांना, काय विचारणार, कोणते कागद कुठे बसून वाचणार, ते साध्या मराठीत लिहा. दुरुस्त केलेला मसुदा आणि तो शेरा गाइडसमोर एकत्र ठेवा, आणि पुढच्या बैठकीची तारीख विभागातून त्याच दिवशी विचारून या.